वाघाची बातमी आणि तेंदूपानाची मजुरी



मूलच्या भोवतालच्या जंगलपट्टीत मे महिना हा तेंदूपानाचा हंगाम. उन्हाचा तडाखा वाढण्यापूर्वी पाने तोडावयाची, घरी ७०-७० पानांचे पुडके बांधावयाचे आणि फळीवर मोजून द्यावयाचे. जितके पुडके तितकीच मजुरी. म्हणून स्त्रिया पहाटेच जंगलात शिरतात, आणि वाघाच्या वावराचीही तीच वेळ असते.

१० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. मोठ्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी ही बातमी दडविली, असा आरोप कोणी करू नये. अशी बातमी तासाभरात झळकते. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. वाघाचा वावर वनखात्यास आधीपासून ठाऊक होता काय? ठेकेदाराने मजुरांसाठी कोणती व्यवस्था केली होती? मृताच्या वारसांसाठी शासनाने २०२३ मध्ये २५ लाख रुपये ठरविले. ते किती दिवसांनी हाती पडतात? यासाठी तालुका कचेरीत चार खेपा घालाव्या लागतात, आणि त्या खेपांचे पैसे कोणी देत नाही.

पाठपुरावा जमतच नाही, असेही नव्हे. ताडोब्याची माया वाघीण ऑगस्ट २०२३ नंतर दिसेनाशी झाली, तेव्हा तिचा शोध, सापडलेले अवशेष, त्यांची डीएनए तपासणी या साऱ्यांच्या बातम्या नोव्हेंबरअखेरपर्यंत येत राहिल्या. त्यात गैर काही नाही. वनखात्याला जाब विचारलाच पाहिजे. मात्र तेवढी चिकाटी मजूर स्त्रीच्या वाट्याला क्वचितच येते.

कारण व्यवहाराचे आहे. छापील अंकात वाघ, धानाचा भाव आणि ग्रामसभेचा ठराव एकाच किमतीत विकले जात. संकेतस्थळावर प्रत्येक बातमीचे वाचक वेगळे मोजले जातात, आणि त्या तराजूत पर्यटकाने टिपलेली चित्रफीत जड ठरते. तालुक्याच्या वार्ताहराला पुष्कळदा जाहिरातीही आणाव्या लागतात. (ज्याच्या दारात जाहिरातीसाठी उभे राहावयाचे, त्याचा हिशेब तो कोणत्या तोंडाने मागणार?)

हे प्रश्न एप्रिलमध्ये, फळ्या सुरू होण्यापूर्वी, विचारावयाचे असतात. तेव्हा वाघाने कोणास मारलेले नसते, आणि म्हणून संपादकाच्या लेखी बातमीही नसते.