दान, कर्ज आणि साहस
(काशी येथे अमृतराव घाटावरील सभेत केलेले भाषण)



ज्या घाटावर आज आपण जमलो आहो, त्याला अमृतराव पेशव्यांचे नाव आहे. १८२४ साली काशीस आलेल्या बिशप हेबरने त्यांच्या दानधर्माची हकीकत लिहून ठेवली आहे. वर्षातून एकदा ते प्रत्येक ब्राह्मणास व आंधळ्या-पांगळ्यास शेरभर तांदूळ आणि एक रुपया देत. परतफेडीची अपेक्षा नाही, हा दानाचा धर्म. कर्जाचा धर्म निराळा. तेथे मुद्दल, व्याज आणि तारण. पैशाची ही दोन रूपे आम्हां मराठी माणसांच्या पूर्ण परिचयाची. तिसऱ्या रूपाचे नाव मात्र आमच्या मुलामुलींच्या तोंडून आता ऐकू येते. ते म्हणजे साहस-भांडवल.

इंटरनेटवरील नव्या उद्योगापाशी आरंभी जमीन नसते, यंत्रे नसतात. असते ती एक कल्पना आणि दोनचार माणसे. बँकेने तारण म्हणून घ्यावे तरी काय? साहस-भांडवल पुरविणारी संस्था येथे पुढे येते आणि व्याजाऐवजी कंपनीचे भाग घेते. उद्योग बुडाला तर तिचाही पैसा बुडतो. पुष्कळ उद्योग बुडणार हे गृहीत धरूनच ती चालते; एखाददुसऱ्याच्या यशाने सर्वांची भरपाई व्हावयाची असते.

तिघा तरुण अभियंत्यांनी २००६ साली बंगळूर येथे बसची तिकिटे इंटरनेटवर विकणारी 'रेडबस' काढली. मुंबईच्या 'सीडफंड' या संस्थेने २००७ साली तीत आरंभीचा पैसा घातला. २०१३ साली इबिबो समूहाने तो उद्योग विकत घेतला. सरकारनेही २०१६ साली अशा कार्यासाठी १०,००० कोटी रुपयांचा निधी योजिला; तो 'सिडबी'कडून अशाच संस्थांच्या द्वारे उद्योगांपर्यंत जातो.

मात्र हे दान नव्हे. संस्थेचा पैसाही दुसऱ्यांचा असतो व ठराविक मुदतीत परत करावयाचा असतो. म्हणून तिला विक्रीची घाई असते. संचालक मंडळात ती जागा मागते. प्रत्येक नव्या भांडवलागणिक संस्थापकाचा वाटा घटतो. करारावर सही करण्यापूर्वी तो जाणत्या वकिलास दाखवावा.

वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच : मुलांच्या उद्योगासाठी राहते घर गहाण टाकू नका, आणि उद्योग बुडाला तर त्यांना नालायकही ठरवू नका. धोका पत्करणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना तो पत्करू द्या. घरदार सोडून आपले पूर्वज या गंगातीरी आले, तेही एक साहसच होते. मुलांच्या अंगी तेच उतरले असेल, तर त्याचे नवल कशाला?