पशुवैद्यकांचे शिक्षण आणि आपला गोठा

(पशुपालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणनियंत्रण हा माझा प्रांत. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांविषयी मी का बोलतो, असे आपल्या मनात येईल. त्याला कारण आमच्याच गोठ्यात घडले. तेच आधी सांगतो.

साल २०१२. आपल्याला आठवत असेल, त्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली होती. मी तेव्हा कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकत होतो आणि सुट्टीत गावी आलो होतो. वैरणीसाठी पेरलेली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागीच थांबली होती. एका सकाळी बैलाने दावे तोडले. त्याच्या मागे गाय गेली. दोघांनी ती सुकू लागलेली कोवळी ज्वारी खाल्ली. अर्ध्या तासात बैल धापा टाकू लागला, तोंडाला फेस आला आणि तो खाली बसला.

योगायोगाने डॉक्टर शेजारच्या वस्तीवरच होते. ते लगेच आले. तरुण होते, नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. पोट फुगलेले दिसले म्हणून त्यांनी आधी पोटफुगीचा उपचार केला. दहा मिनिटांत बैल गेला. तोवर गाय थरथरू लागली. डॉक्टरांनी आपल्या एका वरिष्ठ मित्राला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "हिरड्यांचा रंग कसा आहे?" रंग लालभडक होता. मित्राने औषध आणि मात्रा सांगितली. ते सोडियम थायोसल्फेट डॉक्टरांच्या पेटीतच होते. गाय अर्ध्या तासाने उभी राहिली.

औषध पेटीत होते, पण ते कधी आणि किती द्यायचे याची खात्री नव्हती. अंगणात जमलेल्या माणसांनी डॉक्टरांना नको ते ऐकवले. ते खाली मान घालून गेले.

आता माझी बाजू ऐका. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पावसाचा ताण बसलेल्या ज्वारीत, आणि कापणीनंतर आलेल्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्लाचे विष तयार होते, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यावर मला गुणही मिळाले होते. परंतु ते मी वडिलांना एकदाही सांगितले नव्हते. बैल डॉक्टरांच्या हातून गेला, असे गाव म्हणाले. माझ्या हातून गेला, असे कोणी म्हणाले नाही.

डॉक्टर परत आले

आठ दिवसांनी ते डॉक्टर स्वतःहून आमच्याकडे आले. वडिलांना म्हणाले, "काका, बैलाच्या वेळी माझं नेमकं काय चुकलं, ते मला समजून घ्यायचंय." ज्वारी किती दिवसांची होती, युरिया कधी टाकला, पाणी किती दिवसांत नव्हते, हे सगळे त्यांनी वहीत लिहून घेतले. मग आम्ही दोघे बोललो. मी पिकाकडून सांगितले, त्यांनी जनावराकडून. त्या तासाभरात मी जे शिकलो ते वर्गात शिकलो नव्हतो.

उदाहरणार्थ, भरपूर नत्र दिलेल्या आणि ताण बसलेल्या वैरणीत नायट्रेटही साठते. त्याची बाधा झाली तर रक्त चॉकलेटसारखे तपकिरी होते. सायनाइडच्या बाधेत ते लालभडक असते. सायनाइडवर थायोसल्फेटबरोबर सोडियम नायट्राइट देण्याची पद्धत आहे. नायट्रेटच्या बाधेत तेच नायट्राइट दिले तर जनावर दगावू शकते. तेथे मिथिलीन ब्ल्यू लागते. म्हणजे एका रंगावर जीव अवलंबून आहे.

पदवीनंतर विद्या जुनी होते

पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची आहे. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे सेवा. एवढ्या काळात रोग बदलतात, औषधे बदलतात.

लम्पी चर्मरोग घ्या. भारतात तो प्रथम २०१९ साली ओडिशात नोंदला गेला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरला. त्याआधी पदवी घेतलेल्या बहुतेक डॉक्टरांनी तो रोग प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची, हे त्यांना कामावर असतानाच शिकावे लागले.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक एकेकाळी सर्रास टोचले जाई. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे सिद्ध झाले आणि २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झाले. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर दुधा-मांसाच्या जनावरांसाठी २०१९ मध्ये बंदी आली, कारण माणसाच्या उपचारातील ते शेवटच्या आधारांपैकी एक आहे. ज्याचे शिक्षण पदवीपाशी थांबले, तो कालचेच औषध आज लिहून देईल.

ब्रिटनमध्ये २०२० पासून प्रत्येक पशुवैद्यकाला वर्षाला किमान ३५ तास नवे शिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडेही पशुवैद्यक महाविद्यालये आणि विद्यापीठ प्रशिक्षणे घेतात. परंतु वर्षातून एखाद्या प्रशिक्षणाने भागत नाही.

एकट्या माणसाला सोबत हवी

तालुक्याच्या ठिकाणी माणसांचे चार डॉक्टर एकमेकांना विचारू शकतात. जनावरांचा डॉक्टर मात्र रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, अडलेल्या म्हशीपाशी एकटाच असतो. गाभ फेकलेल्या गाईचा वार काढताना ब्रुसेलोसिस त्याला स्वतःला होऊ शकतो. पिसाळलेल्या जनावराची भीती वेगळीच. आणि जनावर दगावले की बोलणी त्यालाच. ब्रिटन आणि अमेरिकेतील अभ्यासांत पशुवैद्यकांमधील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळले आहे. ब्रिटनमध्ये व्हेटलाइफ ही संस्था त्यांना दूरध्वनीवरून धीर देण्याचे काम करते. शेतकऱ्याचे मन जसे खचते, तसे डॉक्टरचेही खचते.

आमच्या त्या डॉक्टरांनी पुढे तालुक्यातील काही सहकाऱ्यांना जमवून महिन्यातून एक संध्याकाळ बसण्याचा परिपाठ सुरू केला. त्यांचा नियम साधा आहे. प्रत्येकाने आपल्या हातून फसलेली एक केस सांगायची. नाव ठेवायचे नाही, हसायचे नाही. मग इतरांनी आपण काय केले असते ते सांगायचे. अडचणीत कोणी कोणाला कोणत्याही वेळी फोन करावा. एकदा त्यांनी मलाही वैरणीतील विषांवर बोलायला बोलावले. मी अर्धा तास बोललो आणि दोन तास ऐकत बसलो.

आपण काय करावे?

१) प्रत्येक जनावराची वही ठेवा. लस, माज, रेतन, वीण, आजार आणि दिलेले औषध तारखेसह लिहा. डॉक्टरांना वरिष्ठाचा सल्ला घेताना हीच माहिती लागते.

२) जनावर अचानक मेले तर कारण शोधू द्या. डॉक्टर शवविच्छेदन करायचे म्हणाले तर अडवू नका. मात्र नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट रक्त येत असेल तर फाशी रोगाची शंका असते. अशा जनावराला हात लावू नका, चिरू देऊ नका, डॉक्टरांना कळवा.

३) विषबाधेची शंका आली तर खाल्लेल्या वैरणीची चार ताटे पिशवीत ठेवा आणि पीक किती दिवसांचे, खत कोणते, हे सांगा.

४) डॉक्टरांना गरम पाणी, साबण आणि उजेड द्या. गाभ फेकल्यास उघड्या हाताने काही उचलू नका. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस एकदा टोचून घ्या.

५) डॉक्टरांनी उपचार करताना फोन लावला तर "याला काही येत नाही" असे म्हणू नका. विचारणारा डॉक्टर आपले जनावर वाचवतो.

६) ज्वारी वैरणीला फुलोऱ्यात आल्यावरच कापा. ताण बसलेले कोवळे पीक आणि खोडव्याचे फुटवे यांत जनावर सोडू नका. वाळवल्याने सायनाइड बरेच कमी होते. नायट्रेट मात्र कडब्यातही टिकते, हे लक्षात ठेवा.

बंधू-भगिनींनो, आमच्या घरी ती गाय पुढे चार वेते व्यायली. बैलाचे दावे मात्र वडिलांनी बरीच वर्षे खुंटीवरून काढले नव्हते. ते पाहिले की मला आठवते, ज्ञान पेटीत किंवा पुस्तकात असून उपयोग नाही. ते वेळेवर दुसऱ्याला विचारावे लागते आणि न विचारता सांगावे लागते. आपण आपल्या डॉक्टरांना शिकायला वाव द्या, आणि आपल्याला माहीत असलेले त्यांना सांगा.