रंगाचे पाणी आणि चुंबकाचे कण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आमचे विज्ञानाचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. तरीही हा विषय घेतला, कारण आपल्या ज्ञातीचे पोट रंगकामावर भरत आले आहे. आमच्या लहानपणी घरामागचा ओढा कधी तांबडा, कधी निळा वाहत असे. आणि आज कोणाच्या भट्टीवर कोणता रंग आहे, हे आम्ही मुले त्यावरून ओळखत असू. त्याचे आम्हांस कौतुक वाटे. खालच्या वस्तीतील बाया त्याच ओढ्यावर घागरी भरीत, हे ध्यानात येण्यास फार वर्षे गेली.

१८५६ साली विल्यम पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग शोधला. पुढे अनेक पक्के रंग निघाले. परंतु जो रंग कापडावरून सहज उतरत नाही, तो पाण्यातूनही सहज जात नाही. त्यावर नॅनोगाळण हा एक उपाय आहे. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. या गाळणीच्या पटलाची छिद्रे सुमारे एवढीच असतात. दाब दिला असता पाणी व बरेचसे मीठ पार जाते; रंगाचे मोठे रेणू अलीकडे अडतात. ते मिठाचे पाणी रंगकामास पुन्हा वापरता येते.

अडचण अशी की, मळ पटलावरच बसतो आणि गाळण मंदावते. म्हणून पटल ओतण्यापूर्वी त्याच्या द्रावणात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहसंयुगाचे अतिसूक्ष्म कण मिसळतात. त्यांच्या योगे पटलास पाण्याची ओढ वाढते व मळ कमी चिकटतो. इराणातील राझी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली अशा कणांवर पॉलिअॅनिलीनचा लेप देऊन, ते घातलेल्या पटलाने पाण्यातील तांबे काढून दाखविले. काही रंगांतही तांबे असते, हे आपण जाणताच.

मात्र कण बेताने घालावे लागतात. ते फार झाले तर परस्परांस चिकटून गुठळ्या होतात आणि पटल बिघडते. ज्ञातीत तट पडले म्हणजे काय होते, ते निराळे सांगावयास नको!

आणखी एक गोष्ट विसरू नये. गाळणी रंग नाहीसा करीत नाही; तो अलीकडे दाट होऊन उरतो. त्याची विल्हेवाट लावणे हे पटलाचे काम नव्हे, ते आपले आहे. एकेका लहान कारखानदारास हा खर्च झेपणार नाही. दहा जणांनी मिळून केला तर झेपेल. मंडळाने या वर्षी निदान एवढा विचार सुरू करावा. ज्या ओढ्याने आपणांस पोसले, त्याचे देणे अद्याप फिटलेले नाही.