मायबाप फडावर असताना फोटो पसरला तर?

आजचा विषय अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. अठरा वर्षांखालच्या लेकराचा उघडा फोटो कुणी इंटरनेटवर टाकला, किंवा टाकीन म्हणून धमकावलं, तर करायचं काय?

आपल्या बीडमध्ये यात एक वेगळी अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात. लेकरं आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. पोरगी मनाशी ठरवते, आई येईपर्यंत गप्प बसू. म्हणजे धमकावणाऱ्याला चार-पाच महिने आयते मिळाले.

गप्प राहण्यामागं दुसरीही भीती असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. घरी कळलं की शाळा बंद आणि लग्न, हे मुलीला सांगावं लागत नाही.

म्हणून तिनं सांगितलं की आपलं पहिलं वाक्य एकच: 'यात तुझा दोष नाही, आपण मिळून हे थांबवू.' मोबाईल हिसकावू नका, चॅट पुसू नका. लिंक, खात्याचं नाव, तारीख लिहून ठेवा. धमकीला पैसे देऊ नका. आणि फोटो 'पुरावा' म्हणून सरांना, सरपंचांना पाठवू नका. तो पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे.

आता हटवायचं कसं? ज्या ॲपवर फोटो आहे तिथं रिपोर्ट करा. 2021 च्या आयटी नियमांनी अशा तक्रारीवर कंपन्यांना 24 तासांची मुदत घातली. शिवाय 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. त्यात नाव द्यावं लागत नाही. फोटो आपल्याच मोबाईलमध्ये राहतो. त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो ओळखतात. मात्र व्हॉट्सॲपसारख्या बंद गप्पांत हा ठसा चालत नाही. तिथं पोलीसच लागतात.

पोलीस म्हटलं की आपण दचकतो. पण पॉक्सो कायदा नीट ऐका. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, पोलिसानं वर्दीत यायचं नाही, आणि सोबत आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली कुणीही व्यक्ती चालते. म्हणजे आजी चालते, बाई चालतात. मायबाप परत यायची वाट बघायची गरज नाही. नाव छापायलाही बंदी आहे.

1098 हा मुलांसाठीचा नंबर, चोवीस तास, मोफत. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.

टोळीला निघणाऱ्या मायबापांना एवढंच सांगणं: गाडीत बसण्याआधी लेकराला विचारा, 'आम्ही नसताना काही झालं, तर तू कुणाला सांगशील?' ते ज्याचं नाव घेईल, त्या माणसाला भेटूनच निघा.