हातांना हत्यार मिळू द्या

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, बाहेरगावाहून आलेले पाहुणे आणि गोंदियाच्या टोल्याटोल्यांतून आलेल्या माझ्या ताईदादांनो,

धानाच्या आणि तलावांच्या या जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत करतो.

१९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. शहरातल्या गरीब वस्त्यांना राईस मिलच्या हमालीने आणि विडीने जगवलं. मांडीवर सूप, भिजवलेल्या तेंदूपानावर पत्र्याचा फर्मा, हातात कात्री. आमच्या ताया पानामागून पान एका मापाचं कापतात. या हातांना कोणी अकुशल म्हटलेलं मला खपत नाही. विडीचं काम आटत चाललंय आणि त्या हातांत नवं हत्यार अजून आलेलं नाही, हे खरं दुखणं आहे.

ते हत्यार कसं द्यावं, हे महाराष्ट्राने करून दाखवलंय. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभारला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम शिकली, तीही गावाची खरी कामं करून. पुढे २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅबलॅब आली. संगणकावर आखावं आणि यंत्रावर कापून घ्यावं, अशी ही सार्वजनिक कार्यशाळा. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅबलॅबमध्ये पाबळचं नाव घेतलं जातं. पाबळला जमलं, ते गोंदियाच्या टोलीत का जमू नये?

काम तर दारात उभं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांच्या छपरांवर सोलर बसवण्याचं आहे. ते बसवायला माणसं लागणार, पुढे वर्षानुवर्षं दुरुस्तीलाही लागणार. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या आहेत, मिलच्या मोटारी आहेत, धान भरडल्यावर उरणारा तूस आहे. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प असलेल्या जिल्ह्यातल्या पोरांनी उन्हाच्या विजेचं कामही शिकून ठेवलंच पाहिजे.

मात्र एक आग्रह आहे. तीन महिन्यांचा वर्ग, प्रमाणपत्र, फोटो आणि मग कपाटाला कुलूप, असलं प्रशिक्षण आम्हाला नको. कार्यशाळा वस्तीत हवी, संध्याकाळी उघडी हवी, लेकरू कडेवर घेऊन आलेल्या बाईलाही तिथे जागा हवी. शिकून गेलेल्या पोराला पुढेही मल्टीमीटर आणि ड्रिल तिथून वापरायला मिळालं पाहिजे. पहिलं काम मिळतं तेव्हा स्वतःची हत्यारं घ्यायला त्याच्याकडे पैसे नसतात.

दुपारच्या सत्रात वस्तीतली मंडळी बोलणार आहेत. वक्त्यांना विनंती, आधी त्यांचे प्रश्न ऐकून घ्या आणि मग आपले निबंध वाचा. जेवणात आमच्या शेतातला तांदूळ आहे, पोटभर जेवा.

पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत. उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलन करावं, ही विनंती.