लाल कांच

वाड्याची वांटणी होऊं लागली म्हणजे तांब्यापितळेचीं भांडीं तराजूंत पडतात, सागवानी खांबांसही गिऱ्हाईक मिळतें. दिवाणखान्यांतील लाल हंडी मात्र अडगळींत जाते, कारण कांचेला मोडीचा भाव नसतो. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील एखाद्या जुन्या घरांतून अशी हंडी, गुलाबदाणी किंवा पेला निघाला, तर तो ओळखावा कसा आणि राखावा कां, याचा विचार आज करावयाचा आहे.

परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता, आणि तेथील संपन्न घरांच्या अभिरुचीवर राजधानीची छाप असे. ती राजधानीची आवड आजही हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांत पाहावयास मिळते. तिसरे सालारजंग मीर युसुफ अलीखान १९४९ सालीं वारले. त्यांच्या वस्तूंचें संग्रहालय १९५१ सालीं उघडण्यांत आलें, आणि त्यांत बोहेमिया, व्हेनिस, इंग्लंड व फ्रान्स येथील कांचसामान आहे. सामान्य माणसास लाल कांच दाखविली ती आगगाडीनें. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मार्ग परभणीवरून गेला. त्या काळच्या सिग्नलांवर रॉकेलच्या दिव्यापुढें तांबडी कांच येई. हिरव्या खुणेसाठीं निळसर कांच बसवीत, कारण रॉकेलची पिवळी ज्योत तिच्यांतून हिरवी दिसे.

वाळू, क्षार व चुना यांचा रस म्हणजे कांच. तिला रंग येतो तो बहुधा धातूंमुळें. लोखंडानें ती हिरवट होते, कोबाल्टानें निळी. लाल रंग मात्र इतक्या सहजपणें वश होत नाहीं. त्याचा सर्वांत नामांकित मार्ग सोन्याचा. सोनें अम्लराजांत विरघळवून त्याचा अत्यल्प अंश, म्हणजे कांचेच्या दहा हजार भागांस एखाददुसरा भाग, मिश्रणांत घालतात. भट्टींतून निघालेली ही कांच जवळजवळ रंगहीनच असते. घडविलेली वस्तु पुन्हां बेतानें तापविली, म्हणजे तिच्या पोटांत सोन्याचे अतिसूक्ष्म कण जमतात. ते हिरवा प्रकाश शोषून घेतात व लाल पुढें जाऊं देतात. ताप कमी पडला तर रंग उठत नाहीं. अधिक झाला तर कांच गढूळ व तपकिरी होते. जर्मनींत योहान कुंकेल यानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही विद्या हस्तगत केली; तिचें मर्म सोन्याच्या सूक्ष्म कणांत आहे, हें मायकेल फॅरडे यानें १८५७ सालीं मांडलें.

भट्टींत मोहोर टाकली कीं कांच लाल होते, असें विक्रेते सांगतात, ती केवळ कथा होय. न विरघळविलेलें सोनें कांचेंत मिसळत नाहीं. शिवाय किलोभर कांचेंत सोनें ग्रॅमचा एक-दोन दशांशच असतें. तेव्हां तिचें मोल सोन्याचें नव्हे, तर त्या दुसऱ्या तापाचा अचूक अंदाज घेणाऱ्या कारागिराचें आहे.

दुसरा मार्ग तांब्याचा. भट्टींतील प्राणवायु आवरून धरला तर तांबेंही लाल रंग देतें. परंतु तो इतका दाट असतो कीं जाड कांच काळी दिसूं लागते. म्हणून पारदर्शक कांचेवर तिचा पातळ थर चढवितात. बोहेमियांत फ्रेडरिक एगरमान यानें १८३२ च्या सुमारास तांब्याचा लेप भाजून केवळ पृष्ठभाग लाल करण्याची युक्ति काढली. तो कोरला कीं खालची शुभ्र कांच वेलबुट्टी होऊन चमकते. तिसरा मार्ग सेलेनियमचा. विसाव्या शतकांत सिग्नलाच्या कांचेसाठीं तो विशेष उपयोगी पडला.

ओळखण्याची रीत याच घडणींतून निघते. वस्तु दिवसाच्या उजेडांत आडवी धरावी. पातळ कडेस गुलाबी झांक असेल तर सोन्याची, नारिंगी झांक असेल तर सेलेनियमची शक्यता अधिक. कोरलेल्या जागीं किंवा कांठावर पांढरी कांच दिसली, तर लाल रंग वरच्या थराचाच समजावा. नखानें सुटणारा रंग निवळ रोगणाचा होय. केवळ रंगावरून वय मात्र ठरवूं नये. जुन्या रीतीनें नवें सामान आजही बनतें.

संग्राहकानें विलायती मालासच मान देऊं नये. पैसाफंडाचा तळेगांव येथील कांच कारखाना १९०८ सालीं निघाला. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ कारखाना काढला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. ओगलेवाडीचा तो कारखाना आतां बंद आहे. म्हणून त्याची धड चिमणीसुद्धां जपण्याजोगी आहे.

जुनी कांच एकदम ऊन पाण्यांत घालूं नये. कोमट पाणी व मऊ फडकें पुरे. परंतु धुण्यापूर्वीं एक काम करावें. ती कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं, कोणत्या प्रसंगीं लागत असे, हें घरांतील वडील माणसांस विचारून चिठ्ठीवर लिहावें आणि चिठ्ठी वस्तूबरोबर ठेवावी. सोनें कीं तांबें, हें कांचेची परीक्षा करून पुढेंही ठरवितां येईल. वडील माणसें गेल्यावर हंडीचा इतिहास सांगावयास कोणी उरणार नाहीं.