आज्ञावलीची पारख आणि यंत्र-परीक्षक



पालम तालुक्यातील एखादा तरुण नांदेडला किंवा परभणीला राहून संगणकशास्त्राची पदवी घेतो आणि पुण्याच्या एखाद्या कंपनीकडे अर्ज करतो. त्याला मुलाखतीचे बोलावणे लगेच येत नाही. आधी येतो तो परीक्षेचा दुवा. ठरल्या वेळी संगणकासमोर बसावयाचे, पडद्यावर दिलेल्या प्रश्नासाठी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहावयाचा आणि वेळ संपली की थांबावयाचे. ती आज्ञावली प्रथम तपासतो तो परीक्षक बहुधा माणूस नसतो.

अशी तपासणी प्रारंभी फार ढोबळ होती व पुष्कळ ठिकाणी ती अजूनही तशीच आहे. उमेदवाराच्या आज्ञावलीला काही ठरावीक संख्या पुरविल्या जातात आणि अपेक्षित उत्तर येते की नाही एवढेच पाहिले जाते. एखाद्याने सारा विचार अचूक केला, पण मोजणी एकने चुकली, तर त्याच्या पदरी शून्य पडू शकते. गणिताचे शिक्षक उत्तर चुकले तरी रीतीचे गुण देतात. या यंत्राला रीत दिसतच नव्हती.

ती दिसावी म्हणून झालेला एक उल्लेखनीय प्रयत्न आपल्याच देशातील आहे. अ‍ॅस्पायरिंग माइंड्स या संस्थेतील शशांक श्रीकांत व वरुण अग्रवाल यांनी २०१४ साली आपली पद्धती एका शोधनिबंधाद्वारे मांडली. प्रथम जाणकार परीक्षकांकडून अनेक आज्ञावल्या वाचवून घेऊन त्यांना ठरलेल्या निकषांनुसार गुण देण्यात आले. मग प्रत्येक आज्ञावलीत कोणती कृती पुन्हापुन्हा होते, कोणती अट कशाच्या पोटात येते, एक राशी दुसरीवर कशी अवलंबून आहे, अशा खुणा यंत्राने टिपल्या आणि त्या खुणांचा व गुणांचा संबंध ते शिकले. पुढे न पाहिलेली आज्ञावली समोर आली, तरी ‘विचार बरोबर, मांडणीत चूक’ असे काहीसे अनुमान त्याला करता येऊ लागले. ज्याच्या गावी शिकवणी वर्ग नाहीत आणि ज्याचा हात सरावाअभावी अडखळतो, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

याच संस्थेने २०१७ साली पाचशेहून अधिक महाविद्यालयांतील छत्तीस हजारांवर अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. त्यांपैकी केवळ ४.७७ टक्के विद्यार्थ्यांना अचूक तर्काची आज्ञावली लिहिता आली, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला व तो बराच गाजला. आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे बरे. चाचणी विकणारी संस्थाच निष्कर्ष सांगत होती, ही एक. दुसरी अशी की, फळ्यावर आज्ञावली उतरवून घेऊन ती पाठ केलेल्या मुलाला यंत्रासमोर एकट्याने बसविले, तर त्या गुणांत त्याच्या शिकवणीचेही माप येते.

यंत्राला नाव, गाव, ओळखपाळख दिसत नाही, म्हणून ते निःपक्षपाती असते, असा एक समज आहे. त्याला अमेरिकेतील एका उदाहरणाने छेद दिला. अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्ज छाननीसाठी यंत्र घडवावयास घेतले. त्याला शिकविण्यासाठी मागील दहा वर्षांचे अर्ज दिले गेले आणि ते अर्जदार बहुतांशी पुरुष होते. परिणामी, अर्जात स्त्रियांच्या संस्थेचा उल्लेख आला की यंत्र गुण कमी करू लागले. हा प्रयोग पुढे सोडून देण्यात आल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. ज्यांच्याकडून यंत्र शिकते, त्यांच्या सवयीही ते उचलते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांच्या हाती आले आणि प्रश्न अधिकच बिकट झाला. आज्ञावली यंत्रच लिहून देऊ लागले, तेव्हा उमेदवारावर पाळत ठेवणे आले. संगणकाचा कॅमेरा चेहरा टिपतो, नजर वारंवार बाजूला गेली की नोंद करतो, पडद्यावर दुसरी व्यक्ती दिसली की शंका घेतो. शहरातील स्वतंत्र खोलीत हे खपून जाते. पण दोन खोल्यांच्या घरात पाठीमागून धाकटी बहीण पाण्याची कळशी घेऊन गेली तर? ऐन परीक्षेत वीज गेली तर? पालमच्या मुलाची हुशारी मोजता मोजता त्याचे घरच मोजले जाण्याचा हा धोका आहे. नोंद करणे हे यंत्राचे काम असू शकेल; ती गैरप्रकाराची की गैरसोयीची, हे ठरविण्यास मात्र माणूसच हवा.

गुणांचा हिशेब उमेदवाराला कळावयास हवा, हे महाराष्ट्राने वेगळ्या संदर्भात अनुभवले आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत अनेक सत्रांतील गुणांचे समानीकरण झाले आणि दोनशे गुणांच्या परीक्षेत काहींच्या नावे दोनशेहून अधिक गुण लागले. तेथे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, सांख्यिकी सूत्र होते. तरीही ते समजावून सांगता सांगता पुरेवाट झाली. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात नोकरभरतीसाठी वापरावयाची अशी यंत्रणा ‘अधिक जोखमीची’ ठरविली आहे. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून तिची दरवर्षी तटस्थ तपासणी बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. यंत्राने गुण कसे दिले हे उमेदवाराला सांगण्याचे स्पष्ट बंधन त्यात नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर परीक्षेच्या दिवशी ग्रामपंचायत कार्यालयातील किंवा शाळेतील एक खोली, चालू जोडणी आणि वीज गेल्यास तास-दोन तास पुरेल अशी बॅटरी एवढे देणे गावाच्या आवाक्याबाहेरचे नाही. शिक्षकांचे काम याहून सोपे आणि अधिक मोलाचे आहे. विद्यार्थ्याने आज्ञावली आणून दाखविली की ती चालते का, हे विचारण्याआधी एखाद्या ओळीवर बोट ठेवावे आणि ही ओळ येथे का आली, हे त्याला मराठीत सांगावयास लावावे. यंत्राची चाळणी ओलांडल्यावर मुलाखतीत समोर बसलेला माणूसही बहुधा हेच विचारणार असतो.